दर पावणेदोन तासांनी चुकणारी डेडलाईन: कोअर वेगळा केला, मेमरी मात्र सामाईकच

आधी लक्षण सांगतो. तुमचंही असंच असेल तर पुढचं वाचा, नसेल तर तुमचा वेळ वाचेल.

आमचा बोर्ड असा: चार कॉर्टेक्स-ए५३ कोअर (एआरएमचे प्रोसेसर), १.२ गिगाहर्ट्झ, चौघांत मिळून १ एमबीची एल२ कॅश (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) आणि ३२ बिटी डीडीआर४-२४०० मेमरी (डीरॅम). कोअर ३ वर सर्व्होचा (मोटर अचूक हलवणाऱ्या यंत्रणेचा) कंट्रोल लूप, दर मिलिसेकंदाला एकदा. कोअर १ आणि २ वर प्रत्येकी एक कॅमेरा: फ्रेम घ्यायची, तपासायची, साठवायची. कोअर ० वर बाकीचं लिनक्स. कर्नल प्रीएम्प्ट-आरटीचा (वेळेवर काम व्हावं म्हणून बदललेलं लिनक्स), कोअर ३ 'आयसोल-सीपीयूज' लावून शेड्युलरपासून तोडलेला, इंटरप्ट दुसरीकडे वळवलेले, लूपची सगळी पानं 'एमलॉकऑल'ने मेमरीत खिळवलेली. एकट्याने चालवला तर लूप ३१० मायक्रोसेकंदांत संपतो. १,००० ची मर्यादा, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त वेळ शिल्लक. आणि तरीही मधूनच एखादी फेरी १,०८० मायक्रोसेकंदांवर जायची, ड्राइव्ह फॉल्ट द्यायचा आणि मशीन थांबायचं. रीबूट केलं की बरं. तास-दीड तासाने पुन्हा तेच.

रीबूटने बरं होतं म्हणून आम्ही बरेच दिवस मेमरी लीक शोधत होतो. नंतर तापमान, मग पॉवर सप्लाय. क्लॉकची वारंवारता बांधून टाकली, सीपीयू आयडल बंद केलं, 'सायक्लिकटेस्ट' रात्रभर चालवली. ती स्वच्छ आली, आणि त्यामुळेच आम्ही जास्त भरकटलो. 'सायक्लिकटेस्ट' काम किती वेळेवर *सुरू* होतं ते मोजते. आमचं काम वेळेवर सुरू होत होतं, संपत नव्हतं. टास्क उठायला लागलेला उशीर आणि उठल्यावर काम करायला लागलेला वेळ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. 'सायक्लिकटेस्ट' स्वच्छ आणि लूप लांबलेला, असं चित्र दिसलं की शेड्युलर सोडा आणि मेमरीकडे बघा.

चुकांना वेळापत्रक आहे का?

शेवटी एकाने तीन दिवसांच्या चुका वेळेच्या अक्षावर मांडल्या. त्या विखुरलेल्या नव्हत्या, लाटेसारख्या येत होत्या: दहा-पंधरा मिनिटं चुकाच चुका, मग दीड तासाहून जास्त शांतता, मग पुन्हा लाट. दोन लाटांमधलं अंतर सुमारे १ तास ५० मिनिटं. कुठलाही क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) या हिशोबात बसत नव्हता.

उत्तर कॅमेऱ्यांच्या क्रिस्टलमध्ये होतं. दोन्ही कॅमेरे सेकंदाला ३० फ्रेम देतात, पण आपापल्या घड्याळावर. दोन घड्याळांत ५ पीपीएम (दहा लाखांत ५) इतकाच फरक असला, तरी एक कॅमेरा दुसऱ्याच्या तुलनेत सेकंदाला ५ मायक्रोसेकंद सरकतो. फ्रेमचं अंतर ३३.३ मिलिसेकंद. तेवढं सरकायला लागतात सुमारे ६,६६७ सेकंद, म्हणजे १ तास ५१ मिनिटं. इतक्या वेळातून एकदा दोन्ही फ्रेम एकमेकींवर बसतात आणि दोन्ही कोअर एकाच क्षणी मेमरीत फ्रेमची नक्कल करू लागतात. रीबूट केलं की कॅमेरे वेगळ्या फेजवर सुरू होतात, म्हणून 'बरं' वाटायचं.

सरासरी बँडविड्थ बघून हे कधीच दिसलं नसतं. १९२० बाय १०८० ची फ्रेम, पिक्सेलमागे २ बाइट, म्हणजे ४.१५ एमबी. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर १२४ एमबी. ९.६ जीबीच्या कागदी क्षमतेपुढे ही खिजगणतीतही नाही, आणि डिझाइन रिव्ह्यूमध्ये आम्ही हेच गणित दाखवून पुढे गेलो होतो. प्रत्यक्षात नक्कल ३३ मिलिसेकंदांवर पसरत नाही, तिचं सगळं काम ३ मिलिसेकंदांत उरकतं. वाचलेले ४.१५ आणि लिहिलेले ४.१५ मिळून ८.३ एमबी, म्हणजे त्या तीन मिलिसेकंदांपुरता दर सेकंदाला २.८ जीबी. दोन कॅमेरे एकत्र आले की ५.५ च्या वर. आणि ते ९.६ सुद्धा फक्त सलग पत्त्यांवर, एकाच दिशेने, रो (डीरॅममधली पत्त्यांची रांग) उघडी असताना मिळतात. दोन कोअर वेगवेगळ्या रो मागू लागले की कंट्रोलरला एक रो बंद करून दुसरी उघडावी लागते. वाचन-लेखनाची दिशा बदलण्यात आणखी वेळ जातो. कालव्याची क्षमता क्युसेकमध्ये लिहिलेली असते, पण शेवटच्या शेतापर्यंत पाणी किती पोचतं ते वरच्यांनी दारं कधी उघडली यावर ठरतं.

उपाय लावण्याआधी तीन प्रकार वेगळे करा

'मेमरीवर गर्दी आहे' एवढं निदान पुरत नाही. तीन वेगळे आजार बाहेरून सारखेच दिसतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. लूपच्या सुरुवातीला आणि शेवटी पीएमयूचे (कोअरमधल्या घटना मोजणाऱ्या भागाचे) काउंटर वाचा. ए५३ मध्ये सायकल काउंटर सोडून सहा काउंटर आहेत, एवढ्यात भागतं. कर्नल ५.१७ पासून एआरएम६४ वर युझर प्रोग्रॅमला ते सिस्टीम कॉलशिवाय वाचता येतात. सुविधा मुळात बंद असते, सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) 'पर्फ युझर ॲक्सेस' चालू करावी लागते. मी चार गोष्टी वाचतो: सायकल, पूर्ण झालेल्या सूचना (हेक्स ०८), एल१ डेटा रिफिल (हेक्स ०३) आणि एल२ रिफिल (हेक्स १७). कंसातला हेक्स आकडा त्या घटनेचा क्रमांक. हवी ती ओळ, म्हणजे ६४ बाइटचा तुकडा, कॅशमध्ये सापडली तर हिट, नाही तर मिस; मिस झाल्यावर ती बाहेरून आणणं म्हणजे रिफिल.

सूचनांची संख्या चांगल्या आणि वाईट फेरीत जवळपास सारखी आली पाहिजे. ती वाढली असेल तर तुमचा कोड वेगळ्या फांदीत शिरतोय. तो मेमरीचा प्रश्न नाही, इथेच थांबा. सूचना तेवढ्याच आणि सायकल वाढलेल्या, तर पुढे या.

आमचे आकडे असे. चांगल्या फेरीत ३ लाख ७२ हजार सायकल, ९०० एल२ रिफिल. वाईट फेरीत १२ लाख ९६ हजार सायकल, २,६०० रिफिल. रिफिलशिवायचं काम सुमारे २ लाख १० हजार सायकलचं धरलं, तर चांगल्या वेळी एक रिफिल १८० सायकलला पडतो, म्हणजे १५० नॅनोसेकंद, आणि वाईट वेळी सुमारे ४१५ सायकलला. ए५३ हा क्रमाने चालणारा कोअर आहे, मिस झाली की तो बहुतांशी थांबूनच राहतो. म्हणून हा भागाकार ढोबळ असला तरी विश्वासाचा आहे. ए७२ सारख्या कोअरवर एकाच वेळी अनेक मिस उडत असतात, तिथे असा सरळ भागाकार करू नका.

आता वाचा काय दिसतं. रिफिलची *संख्या* वाढली, तर शेजारचा कोअर तुमच्या ओळी एल२ मधून हुसकावतोय. संख्या तेवढीच पण प्रत्येक रिफिलची *किंमत* वाढली, तर गर्दी डीरॅममध्ये किंवा बसवर आहे. आमच्याकडे दोन्ही होतं: संख्या जवळपास तिप्पट, किंमत सव्वादोन पट.

तिसरा प्रकार फसवा. लूपचा डेटा एल२ मध्ये मावतो, रिफिल नगण्य, तरीही शेजारी भरभरून लिहू लागला की लूप मंदावतो. कारण एल२ स्वतःच अडते. बाहेर गेलेल्या मिसची नोंद ठेवणारे तिचे रजिस्टर आणि लिहून परत पाठवायच्या ओळींचा बफर, दोन्ही मोजके असतात. ते भरले की कॅश कोणाचीच विनंती घेत नाही, जी हिट झाली असती तीही नाही. मायकल बेक्टेल आणि हीचुल युन यांनी २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ३ वर, म्हणजे याच ए५३ वर, शेजारच्या कोअरवरून फक्त लिहिण्याचा मारा करून बळी पडलेल्या टास्कचा वेळ ३०० पटींहून जास्त वाढवून दाखवला. आणि कॅशची वाटणी केल्याने तो थांबला नाही. माझ्या माहितीतल्या अनेक टीम एल२ ची वाटणी करून 'झालं' म्हणून निश्चिंत झालेल्या आहेत, म्हणून हे ठासून लिहितोय.

काउंटर जे दाखवत नाही

कोण किती खर्च करतोय हे पाहायला मी कोअर १ वरचे एल२ रिफिल मोजले. एका फ्रेमला साधारण ६५ हजार आले. ४.१५ एमबीला ६४ ने भागलं की ६४,८०० येतात, म्हणजे मोजमाप बरोबर. पण मग *लिहिलेल्या* ६४,८०० ओळी कुठे गेल्या?

ए५३ ला सलग पूर्ण ओळी लिहिल्या जात आहेत असं दिसलं की तो रीड ॲलोकेट मोडमध्ये जातो. आधी ओळ वाचून कॅशमध्ये आणायची आणि मग लिहायची, हे तो सोडून देतो आणि थेट बाहेर लिहितो. एरवी ही सोय चांगली आहे, पण मग रिफिल होतच नाही, आणि रिफिल मोजणाऱ्याला निम्मी वाहतूक दिसतच नाही. नुसता 'मेमसेट' (मेमरीत एकच मूल्य भरत जाणं) करणारा प्रोग्रॅम तर रिफिल काउंटरच्या दृष्टीने साधूच ठरतो. म्हणून हेक्स ६१ हा बसवरच्या लेखनाचा काउंटरही मोजा. कोअर त्या मोडमध्ये किती वेळ आहे ते हेक्स सी५ वर दिसतं. बसचे काउंटर ओळी नव्हे तर बीट (बसवरून एका खेपेत जाणारा तुकडा) मोजतात, तेव्हा ठरावीक आकाराची नक्कल करून एका ओळीला किती बीट पडतात ते आपल्या बोर्डावर आधी ठरवून घ्या.

काय केलं, कोणत्या क्रमाने

सगळ्यात आधी नक्कलच काढून टाकता येते का ते बघा. आम्ही एका कॅमेऱ्याची एक नक्कल डीएमए-बफ (एकच बफर अनेकांनी वाटून वापरण्याची लिनक्सची सोय) वापरून काढू शकलो. दुसऱ्याची नाही, कारण तपासणीच्या लायब्ररीला स्वतःच्या बफरमध्येच डेटा लागतो. न वापरलेल्या बँडविड्थला कोणताच उपाय लावावा लागत नाही, त्यामुळे इथे घालवलेला आठवडा मला अजिबात वाया गेलेला वाटत नाही. त्यानंतर कॅमेऱ्यांना बाहेरून ट्रिगर दिला, दोघांत १६ मिलिसेकंदांचं अंतर ठेवून. लाटा त्याच दिवशी थांबल्या. काही जण इथेच काम बंद करतील. पण ट्रिगरची वायर निघाली की कॅमेरा स्वतःच्या घड्याळावर परततो, आणि सर्व्हो त्या वायरच्या भरवशावर ठेवायला मी तयार नव्हतो.

मग कॅश कलरिंग: मेमरीची पानं कॅशच्या कोणत्या भागात बसतात त्यावरून त्यांना 'रंग' द्यायचे आणि रंगांनुसार कॅश वाटायची. १ एमबी, १६ वे (कॅशचे सारखे भाग), म्हणजे एक वे ६४ केबीचा. ४ केबीच्या पानांनी भागलं की १६ रंग मिळतात. त्यातले ४ रंग, म्हणजे २५६ केबी, फक्त लूपच्या पानांना दिले. वाईट फेरीतले रिफिल २,६०० वरून ९५० वर आले आणि वेळ १,०८० वरून ५१० मायक्रोसेकंदांवर. इथे एक अडचण बऱ्याच जणांना येते: रंग लावूनही काहीच बदलत नाही. आधी ह्यूज पेज चालू आहेत का ते पाहा. २ एमबीच्या पानात सोळाही रंग येतात, त्यामुळे वाटणीला अर्थच उरत नाही.

५१० वर मी खूश होतो. मग तिसऱ्या प्रकाराची चाचणी घेतली: कोअर ०, १, २ वर नुसतं सलग लिहिणारे प्रोग्रॅम. लूप १,४०० वर गेला. रंग होते, रिफिल ९५०च होते, तरी १,४००.

पाणीपाळी

म्हणून मेमगार्ड. हीचुल युन, मार्को काकामो, लुई शा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेली ही पद्धत ऐकायला साधी आहे. प्रत्येक कोअरला ठरावीक काळात ठरावीक इतक्याच मेमरी-फेऱ्या. पीएमयूचा काउंटर अशा बेताने भरून ठेवायचा की तेवढ्या फेऱ्या झाल्या की तो ओव्हरफ्लो होऊन इंटरप्ट देईल. इंटरप्ट आला की त्या कोअरवर एक वरच्या प्रायॉरिटीचा कर्नल थ्रेड नुसता फिरत बसतो आणि पुढचा काळ सुरू होईपर्यंत बाकी कोणाला चालू देत नाही.

वाटायचं किती? इथे कागदी आकडा धरू नका. त्यांच्या पेपरमधल्या मशीनची शिखर क्षमता ६.४ जीबी होती, आणि हमी म्हणून वाटता येईल असा आकडा फक्त १.२ जीबी. आम्ही रो सतत बदलावी लागेल अशा पत्त्यांवर सगळ्या कोअरांनी मारा करून मोजलं आणि सावध राहून २ जीबी धरले. कॅमेऱ्यांच्या कोअरना प्रत्येकी ६०० एमबी, कोअर ० ला २००, उरलेले ६०० लूपच्या नावाने राखीव. कोअर ३ वर लगाम लावला नाही. त्याच्या वाईटातल्या वाईट फेरीचे २,६०० रिफिल म्हणजे १६६ केबी, दर मिलिसेकंदाला. त्याच्या वाट्याच्या तुलनेत हे खूप कमी आहे. कॅमेऱ्याची नक्कल वाचन-लेखन धरून आता सुमारे १४ मिलिसेकंद घेते. ३३ मिलिसेकंदांत ती आरामात बसते.

गणित इथवर सोपं होतं. बसवताना तीन ठिकाणी अडलो.

पहिलं, लगाम चुकीच्या घोड्याला बसत होता. कोअर २ मर्यादा ओलांडायचा आणि थांबायचा कोअर ०. बूट लॉगमध्ये इतके महिने एक ओळ दिसत होती: पीएमयूच्या नोडला इंटरप्ट-ॲफिनिटी नाही, अंदाजाने ठरवतोय. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात) कोणता इंटरप्ट कोणत्या कोअरचा ते लिहिल्यावर हा प्रश्न मिटला. तुमच्या लॉगमध्ये ती ओळ असेल तर मेमगार्डला हात लावण्याआधी ती घालवा.

दुसरं, काळ १ मिलिसेकंदाचा ठेवला होता, आणि लूपही १ मिलिसेकंदाचा. नवा काळ सुरू झाला की सगळ्या कोअरना एकदम ताजं बजेट मिळतं, आणि जो भुकेला आहे तो ते पहिल्या पाव मिलिसेकंदात संपवतो. आमचा लूप नेमका तिथेच सुरू होत होता. सरासरीने ६०० एमबीची शिस्त पाळली जात होती आणि लूपच्या ३१० मायक्रोसेकंदांत मात्र पूर्वीचीच गर्दी होती. काळ १०० मायक्रोसेकंदांवर आणला, बजेट ९,३७५ ओळींऐवजी ९३७. प्रत्येक कोअरवर सेकंदाला १०,००० टायमर इंटरप्ट आले, कोअर १ आणि २ चा दोन-तीन टक्के वेळ गेला. तो मी आनंदाने दिला.

तिसरं सगळ्यात वाईट, कारण ते आठवड्यातून एकदाच दिसायचं. लूप एका फेरीत एकदा पाइपमध्ये लॉग लिहीत असे. कोअर १ वरचा थ्रेड कर्नलमधलं एक लॉक धरून असतानाच त्याचं बजेट संपायचं. प्रीएम्प्ट-आरटीमध्ये स्पिनलॉक धरलेल्यालाही हटवता येतं, त्यामुळे लगामाचा थ्रेड त्याला बाजूला सारून फिरत बसायचा. कोअर ३ ला तेच लॉक हवं असलं की तो वाट बघत राही. प्रायॉरिटी इन्हेरिटन्स लॉकवाल्याला वर ढकलतो, पण लगामाचा थ्रेड त्याच्याही वर. उपाय एकच: लूपने फेरीच्या आत कर्नलमध्ये जायचंच नाही. लॉग आता आधीच राखलेल्या रिंग बफरमध्ये जातो आणि कोअर ० तो सवडीने उचलतो.

या तिन्हीनंतर आणि बजेटमध्ये लेखनही मोजू लागल्यावर कॅमेऱ्यांसकट सर्वांत वाईट फेरी ३७० मायक्रोसेकंद आणि तिन्ही शेजारी लिहीत असताना ४२०. ७२ तास चालवून.

कोअर सोडून मेमरी वापरणारे

मेमगार्ड फक्त कोअरला ओळखतं. कॅमेऱ्याचं डीएमए, इथरनेट, डिस्प्ले आणि असेल तर जीपीयू हे थेट मेमरीत जातात. कोअरच्या काउंटरला ते दिसत नाहीत आणि लगामही लागत नाही. कोअर शांत असतानाही रिफिलची किंमत वाढलेली दिसली, तर संशयित इथलाच. बऱ्याच एसओसीमध्ये (सगळे भाग एकत्र असलेल्या चिपमध्ये) मेमरी कंट्रोलरच्या प्रत्येक पोर्टवर मोजणारं स्वतंत्र यंत्र असतं आणि इंटरकनेक्टवर प्रत्येक मास्टरच्या (मेमरी मागणाऱ्या घटकाच्या) विनंत्यांवर मर्यादा घालणारे रजिस्टर असतात. एआरएमच्या क्यूओएस-४०० मध्ये ते मिळतात. डिस्प्लेला मर्यादा घालताना जपून. त्याचा फिफो (पुढचा डेटा धरून ठेवणारी रांग) रिकामा झाला की पडदा फाटल्यासारखा दिसतो. आम्ही इथरनेट आणि कॅमेऱ्यांवर मर्यादा घातली, डिस्प्लेचा वापर मोजून तेवढा एकूण हिशोबातून वजा केला.

विमानाच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करणाऱ्यांना हे सगळं कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. युरोपीय नियामकाच्या २०२२ च्या एएमसी २०-१९३ या मार्गदर्शक दस्तऐवजात कोअरांमधली ही ओढाताण कुठून येते ते शोधून ती काबूत असल्याचं दाखवायला सांगितलं आहे. आमच्या मशीनला तशी सक्ती नाही, तरी आमची चाचणीची यादी आम्ही त्याच वळणाची ठेवली: प्रत्येक सामाईक वाटेवर मुद्दाम मारा करायचा आणि लूप मोजायचा.

एमपॅम (मेमरीच्या वाटणीची एआरएमची सोय) असलेल्या नव्या एआरएम चिपवर कॅश आणि बँडविड्थ दोन्हीची वाटणी हार्डवेअरच करू शकतं. ते मिळालं तर घ्या. फक्त तुमच्या चिपमध्ये एमपॅमचा कोणता भाग खरोखर बसवलाय ते तिच्या मॅन्युअलमध्ये पाहा, कारण बरेचसे भाग ऐच्छिक आहेत.

आमच्याकडे एक चाचणी बाकी आहे. डीरॅमचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की रिफ्रेशचं (साठवलेला डेटा टिकावा म्हणून तो पुन्हा भरण्याचं) अंतर ७.८ मायक्रोसेकंदांवरून ३.९ वर येतं, म्हणजे मेमरी दुप्पट वेळा बंद राहते. आमचे २ जीबी खोलीच्या तापमानाला मोजलेले आहेत. पुढच्या आठवड्यात बोर्ड गरम चेंबरमध्ये जाणार आहे आणि बजेट त्यानंतरच पक्कं होईल.